गावी जाताना दरवर्षी कुणाचं तरी पोट बिघडतं? डब्यापासून दवाखान्यापर्यंत काय तपासायचं

आमचं गाव कणकवलीच्या अलीकडे, घर डोंबिवलीत. मधला रस्ता साधारण सव्वाचारशे किलोमीटर. गणपतीला आणि मे महिन्यात आम्ही तो गेली अकरा वर्षं स्वतःच्या गाडीने करतोय. त्यातली पहिली पाच-सहा वर्षं एक फेरी धड गेली असेल तर शपथ. कधी धाकटा कशेडीत ओकायचा, कधी सासऱ्यांना नागोठण्यापासूनच छातीत जळजळ. एकदा तर चतुर्थीच्या दिवशी घरात आरती चालू आणि मी न्हाणीघराच्या दाराशी बसलेली. प्रत्येक वेळी निदान ठरलेलं: "बाहेरचं खाल्लंत ना, मग होणारच."

मी डॉक्टर नाही, हिशेबाच्या कामात आयुष्य गेलं. आकडा जुळला नाही की नोंदी एकेक करून मागे तपासायच्या, एवढंच मला येतं. तेच इथे केलं. तेव्हा दिसलं की बऱ्याच वेळा दोष बाहेरच्या खाण्याचा नव्हता, घरच्या डब्याचा होता. काही वेळा तर खाण्याचा संबंधच नव्हता. डबा आठ तासांच्या हिशेबाने भरलेला असायचा आणि पेण-वडखळ-कोलाड-माणगाव या टापूत गाडी अडकली की प्रवास चौदा-पंधरा तासांवर जायचा.

आधी लक्षण नीट ओळखा

'पोट बिघडलं' या एका शब्दात आपण पाच-सहा वेगळ्या भानगडी कोंबतो. त्या सुट्या केल्या की अर्धं काम होतं.

घाटात मळमळ, तोंडाला पाणी सुटणं, घाम, मग उलटी. गाडी थांबवून खाली उतरलं की दहा-पंधरा मिनिटांत हुशारी: ही गाडी लागली. अन्नाला उगाच दोष देऊ नका.

खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून सहा तासांच्या आत जोरदार उलट्या, गाडी थांबली तरी न थांबणाऱ्या, आणि एकाच डब्यातलं खाल्लेल्या दोघातिघांना: अन्नात आधीच तयार झालेलं विष.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, गावी पोचल्यावर जुलाब, पोटात कळा, कदाचित ताप: जंतू पोटात जाऊन तिथे वाढले. याला बारा तासही लागतात, तीन दिवसही लागतात. म्हणून ताटात शेवटी जे होतं तेच गुन्हेगार असं धरून चालू नका. आदल्या दिवशीचं पाणीही असू शकतं.

आंबट ढेकर, छातीत जळजळ, विशेषतः सीट मागे पाडून झोपल्यावर: पित्त.

डोकं ठणकणं, चिडचिड, लघवीला जळजळ, आणि गावी पोचल्यावर दोन दिवस पोट साफ न होणं: पाणी कमी पडलं. आमच्या घरातल्या बायकांचं हे ठरलेलं दुखणं होतं.

जेवणानंतर चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर झापड: हाही खाण्याचाच बिघाड आहे, आणि या यादीतला सगळ्यात घातक हाच.

आता तपासण्या. आधी फुकटातल्या, मग पैसे मागणाऱ्या.

घड्याळ बघा, वहीत लिहा

खर्च शून्य. गाडीच्या कप्प्यात एक वही ठेवा आणि तीनच गोष्टी लिहा: पदार्थ कधी शिजला, कधी खाल्ला, त्रास कधी सुरू झाला. चौथा रकाना माझा आवडता: कोण आजारी पडलं नाही, आणि त्याने काय खाल्लं नाही.

माझे डोळे या चौथ्या रकान्यानेच उघडले. एका गणपतीला सासूबाईंनी पहाटे चारला ओल्या खोबऱ्याची चटणी वाटली. वडखळच्या पुढे गाडी मुंगीच्या पावलाने सरकत होती, डबा उघडायला दुपारचे दोन वाजले. स्टीलच्या डब्याचं झाकण काढताना हलकासा 'फस्स' आवाज आला. चटणीच्या कडेला पाणी सुटलं होतं आणि चमच्याला किंचित तार येत होती. मी कुरकुरले. सासूबाईंनी बोटाने चाखली. "काय होवचां नाय गो तेका, पहाटेच वाटलंय." वासही येत नव्हता. पाचच्या सुमाराला, महाडच्या अलीकडे, चौघे जण रस्त्याच्या कडेला वाकलेले होते. थोरलीला काही झालं नाही. ती चटणी खातच नाही, तिने नुसती दशमी आणि गूळ खाल्ला होता.

खाणं आणि उलटी यांत तीन तासांचं अंतर. वाटल्यापासून खाईपर्यंत दहा तास. बटाट्याची भाजीही त्याच डब्यात होती, त्यामुळे दोष शंभर टक्के चटणीचाच असं मी म्हणणार नाही. पण संशयित दोनच उरले आणि दोन्ही ओले.

हात

हेही जवळपास फुकट. तरी आम्ही हे सगळ्यात शेवटी सुधारलं, कारण आपले हात घाण आहेत असं कुणालाच वाटत नाही. गाडीत हात कशाकशाला लागतात ते एकदा मोजा: स्टिअरिंग, गिअर, चहाच्या टपरीवर मिळालेल्या सुट्या नोटा, पेट्रोल पंपाच्या संडासाची कडी, बाळाचं लंगोट, आणि मग लगेच पुरी.

यात मेख अशी की स्टॅफिलोकोकस नावाचे जंतू निरोगी माणसाच्या नाकात आणि कातडीवरही असतात. हाताने कुस्करलेल्या, मळलेल्या, भरलेल्या पदार्थात ते उतरतात, उबेत वाढतात आणि विष सोडतात. ते विष पुन्हा गरम केलं तरी नष्ट होत नाही. म्हणजे पॅक करणाऱ्याचे हातही तेवढेच महत्त्वाचे. बोटाला कापलेलं असेल, गळू असेल तर त्या दिवशी डबा दुसऱ्याने भरावा.

सॅनिटायझर तेलकट किंवा मातकट हातावर नीट काम करत नाही. साबण आणि पाणीच. पाच लिटरचा नळ असलेला कॅन डिकीच्या कडेला ठेवला आणि साबण जुन्या मोज्यात घालून त्याच्या मुठीला बांधला. दिसायला गावठी आहे, पण मुलं मजेने हात धुतात. खायला चमचे द्या, आणि एका पुडीत सगळ्यांनी हात घालण्याऐवजी भडंग वाट्यांत ओतून द्या.

पाणी

दोन उलट चुका होतात: पाणी न पिणं आणि कुठलंही पाणी पिणं.

बायका प्रवासात पाणी पीत नाहीत कारण संडासाची खात्री नसते. यावर 'भरपूर पाणी प्या' हा उपदेश निरर्थक आहे, आधी थांबे ठरवा. पेट्रोल पंपावर संडास, पिण्याचं पाणी आणि हवा फुकट द्यायची असते, तिथे पेट्रोल भरलंच पाहिजे असं नाही. आम्ही दर दोन तासांनी पंप किंवा बरं हॉटेल बघून थांबतोच, कुणाला लागली नसली तरी. थांबा पक्का असला की आई-काकू आपणहून पाणी पितात. पुरेसं पाणी पोटात गेलं की नाही हे लघवीच्या रंगावरून कळतं: फिकट पिवळी ठीक, गडद पिवळी म्हणजे बाटली उचला.

दुसरी चूक मोहाची. पावसात घाटात कातळावरून धार पडत असते, थंडगार, काचेसारखी. वर गुरं चरतात, वस्ती असते, पावसाचं पाणी ते सगळं धुऊन खाली आणतं. त्यात हात-तोंडही धुऊ नका, पिणं तर दूरच. हॉटेलच्या टेबलावरचा जग आणि उसाच्या रसातला बर्फ यांनाही तोच नियम. विकतची बाटली घेताना झाकणाचं सील कडकन तुटलं पाहिजे. घरचं उकळलेलं किंवा गाळलेलं पाणी कॅनमध्ये नेणं सगळ्यात स्वस्त, फक्त कॅन आतून घासलेला हवा. प्रत्येकाची बाटली वेगळी. तोंड लावून प्यायलेलं पाणी दुसऱ्या दिवसापर्यंत तसंच ठेवू नका.

कधी, किती, आणि कुठे बघत

घाटात ओकणाऱ्या मुलांसाठी हे. कानाच्या आतल्या भागाला गाडीची वळणं जाणवतात, डोळे मात्र मोबाइलवर किंवा पुढच्या सीटच्या पाठीवर खिळलेले, म्हणजे 'आपण स्थिर आहोत' असं सांगणारे. दोन निरोप जुळत नाहीत आणि मळमळ सुरू होते. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास सर्वाधिक होतो. म्हणून पहिला उपाय अन्नाचा नाहीच. मूल मागच्या सीटवर मध्ये बसवा, पट्टा लावून, समोरच्या काचेतून रस्ता दिसेल असं. मोबाइल काढून घ्या. काच जरा खाली करा. कशेडीचा बोगदा झाल्यापासून आमचं निम्मं काम सरकारनेच केलं. आंबा किंवा भुईबावडा घाटाने जाणाऱ्यांना वळणं आहेतच.

खाण्याचं म्हणाल तर पूर्ण रिकामं पोटही वाईट आणि तट्ट भरलेलंही वाईट. घाटाच्या तासभर आधी अर्धी पोळी, दोन खारी किंवा एक केळं. दूध, क्रीमची बिस्किटं, वडे नकोत. आलेपाक काहींना उपयोगी पडतो, आमच्या धाकट्याला पडतो. उलटीची गोळी द्यायचीच असेल तर ती निघण्याआधी अर्धा ते एक तास द्यायची असते, उलटी सुरू झाल्यावर दिलेली गोळी बाहेरच येते. मुलाचा डोस डॉक्टरांनी ठरवलेला हवा, दोन वर्षांखालच्या बाळाला आपल्या मनाने अजिबात नाही. आणि या गोळीने झोप येते. चालवणाऱ्याने ती घ्यायची नाही, मग घाट कितीही वळणांचा असो.

पित्ताचं कारणही बहुधा वेळेतच सापडतं. पहाटे चारला रिकाम्या पोटी चहा, पेणला दुसरा चहा, साडेदहाला तीन वडे, आणि लगेच सीट मागे पाडून डुलकी. आडवं झालं की जठरातलं आम्ल वर चढतं, त्यात कमरेचा पट्टा पोटात रुतलेला. सासऱ्यांना आम्ही निघण्याआधी अर्धी भाकरी द्यायला लागलो, वडे एकावर आणले, आणि खाल्ल्यावर निदान दोन तास सीट सरळ. गोळी न बदलता जळजळ बंद झाली.

त्यांना साखरेचा त्रासही आहे, गोळ्या चालू आहेत. वाहतूक कोंडीत जेवण दोन तास पुढे गेलं आणि गोळी मात्र वेळेवर घेतली, की साखर खाली येते: हात थरथरणं, घाम, गोंधळल्यासारखं बोलणं. लोकांना वाटतं प्रवासाचा थकवा. तीन-चार चमचे साखर पाण्यात किंवा ग्लुकोज ताबडतोब द्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं, मग पोळी-बिस्किट. साखर डिकीत नको, हाताशी हवी. इन्सुलिन घेणाऱ्यांनी निघण्याआधीच डॉक्टरांशी बोलून प्रवासाच्या दिवसाचं ठरवून घ्यावं.

लहान मुलांबद्दल आणखी एक. चार-पाच वर्षांखालच्या मुलाला चालत्या गाडीत शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, कडक गोळ्या देऊ नका. खड्डा आला आणि दाणा श्वासनळीत गेला तर पुढे बसलेल्याला कळतही नाही. खाणं गाडी थांबवूनच.

डबा

इथे जरा थांबते, कारण आमचं खरं दुखणं इथे होतं.

जंतू सगळ्यात झपाट्याने वाढतात ते साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये. गाडीतला डबा निघाल्यापासून पोचेपर्यंत याच पट्ट्यात असतो. शिजवलेलं ओलं अन्न या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही हा सर्वसाधारण नियम, आणि बाहेर ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा आतला पारा तासाभरात पन्नाशीवर जातो. मागच्या काचेखालच्या फळीवर डबा ठेवणं म्हणजे दही विरजायला ठेवण्यासारखंच.

हा दोन तासांचा नियम आमच्या रस्त्यावर पाळायचा तर ओलं काही नेताच येणार नाही. बरोबर. नेऊच नका. पूर्वी बैलगाडीने, बोटीने जाणाऱ्या माणसांनी हे कधीच शोधून काढलं होतं: प्रवासाला दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, गूळपोळी, कडक लाडू. यांत पाणी कमी आणि मीठ, गूळ किंवा तेल जास्त. पाणी नसलं की जंतूंना वाढता येत नाही.

आमच्या डब्यातून हद्दपार झालेले पदार्थ: ओल्या खोबऱ्याची चटणी, बटाट्याची ओली भाजी, दहीभात, फोडणीचा भात, चिरलेली काकडी-टोमॅटो, अंडा भुर्जी, पनीरचं काहीही, आणि सोलकढी. सोलकढीवर घरात भांडण झालं. ती नारळाच्या दुधाची, म्हणजे चटणीचीच बहीण. त्याऐवजी कोकमाचं आगळ बाटलीत न्यायचं आणि खाताना पाण्यात मीठ-साखर घालून कालवायचं.

भातावर वेगळं सांगायला हवं, कारण 'साधा भातच तर आहे' म्हणून तो सगळ्यात निर्धास्तपणे नेला जातो. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवल्याने मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात आणि उलट्या करवणारं विष तयार करतात, जे परतून, वाफवून जात नाही. रात्रीचा उरलेला भात ओट्यावर राहिला, पहाटे फोडणीला टाकला आणि दुपारी माणगावला खाल्ला, तर मधल्या बारा-चौदा तासांवर फोडणीने पांघरूण पडत नाही.

जे नेतो ते: दशम्या, मेथीचे ठेपले, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची आणि सुक्या खोबऱ्याची लसूण चटणी, लोणचं, गूळ, राजगिऱ्याचे लाडू, भडंग, भाजलेले चणे, खाकरा. फळं सालीची: केळी, संत्री, मोसंबी. काकडी अख्खी न्या, धुऊन पुसून, आणि तिथेच सोला. नुसते पीठ आणि तळण होऊ नये म्हणून चणे-दाणे आणि फळं मुद्दाम जास्त घेते. नाहीतर दुसऱ्या दिवशी पोट साफ न होण्याचं गाऱ्हाणं पुन्हा सुरू.

आणि भरण्याची पद्धत. गरम पुऱ्या गरमच फॉइलमध्ये गुंडाळल्या तर वाफेचं पाणी आतच साचतं आणि कोरडा पदार्थ ओला होतो. मी हे वर्षानुवर्षं करत होते, 'गरम राहतील' म्हणून. आता पुऱ्या-ठेपले ताटात सुटे पसरून पूर्ण निवू देते, सुती फडक्यात गुंडाळते, मग डबा. दोन लहान डबे करा, एक सकाळचा आणि एक दुपारचा. म्हणजे एकाच डब्यात दहा वेळा हात जात नाहीत. डबा ठेवायचा पुढच्या सीटच्या मागे पायापाशी, एसीची हवा लागेल तिथे.

चव घेऊन तपासू नका. विष तयार करणारे हे जंतू दर वेळी वास किंवा आंबटपणा देत नाहीत, त्या चटणीने आम्हाला तेच शिकवलं. शंका आली की पिशवीत बांधून पुढच्या कचराकुंडीत. सासूबाईंना अन्न टाकणं आजही जड जातं, पण आता त्या ओलं खोबरं गावी पोचल्यावरच फोडतात.

थंड पेटी

इथून पैसे सुरू होतात. बाळाचं दूध, दही किंवा इन्सुलिन न्यायचं असेल तरच याचा विचार करा. जाड भिंतीची आइसबॉक्स आणि त्यात रात्रभर गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या. बाटल्या पाऊणच भरा, बर्फ फुगतो. पेटी भरताना आतल्या वस्तू फ्रिजमधून थेट थंडच आत गेल्या पाहिजेत. कोमट दूध आत ठेवून पेटी ते थंड करेल ही अपेक्षा चुकीची. इन्सुलिन बर्फाला थेट टेकता कामा नये, गोठलं की वाया जातं. मासळीवाल्याकडचा थर्माकोलचा खोकाही चालतो, पण वास जन्मभर जात नाही. आम्ही हे करून बसलोय.

पेटी काम करते की नाही हे हाताने चाचपून कळत नाही. आत साधा थर्मामीटर ठेवा. ५ अंशांच्या वर दोन तास गेले की तिला डबाच समजा.

हॉटेल

कोरडा डबा असला तरी सव्वाचारशे किलोमीटर लाडूवर निघत नाही. एकदा तरी गरम जेवावंसं वाटतं, आणि त्यात काही पाप नाही. माझा अनुभव असा की समोर उकळतंय ते खाल्ल्याने आम्हाला कधी त्रास झाला नाही. त्याच्या बाजूला जे थंड ठेवलेलं असतं त्याने झाला. मिसळीची तर्री उकळती असते, वर पडणारा कांदा पहाटे चिरलेला. वडा कढईतून निघतो, हिरवी चटणी मात्र सकाळपासून पातेल्यात. म्हणून वरण-भात, उसळ, आमलेट, तव्यावरची भाकरी, चहा घ्या. चटणी, चिरलेला कांदा, कोशिंबीर, ताक, कापलेली फळं सोडा.

गर्दी असलेलं हॉटेल निवडा, कारण तिथे पदार्थ पडून राहत नाही. दर्शनी भागात एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी परवाना क्रमांक लावलेला असतो का बघा. तो असला म्हणजे स्वच्छता आहेच असं नाही, पण नसला तर मी चहासुद्धा घेत नाही. कढईतलं तेल काळं, फेसाळ आणि धुरकट दिसलं तर तळलेलं नको. बशी ओली आली तर कोरडी मागा. आणि हात धुण्याच्या बेसिनपाशी साबण आहे का, हे बसण्याआधी बघून या. जेवणाऱ्यांसाठी साबण नसेल तर आत स्वयंपाक करणाऱ्यांसाठी तरी कुठून असणार?

चालवणाऱ्याने थाळी घेऊ नये. अर्धं जेवा, पंधरा मिनिटं पाय मोकळे करा. तरी झापड आलीच तर चहावर विसंबू नका. गाडी सुरक्षित जागी लावून वीस मिनिटं झोपा किंवा चावी दुसऱ्याकडे द्या.

वेळापत्रकच बदला

सगळ्यात कठीण आणि महाग उपाय. वरचं सगळं करूनही त्रास होत असेल तर प्रवास लांबतोय हेच कारण. चतुर्थीच्या आदल्या रात्री निघणं बंद करून तीन दिवस आधी निघा, रजा खर्च होईल. म्हातारी माणसं किंवा तान्हं बाळ असेल तर महाड किंवा चिपळूणला मुक्काम करा. आम्ही दोन वर्षं चिपळूणला राहिलो. खोलीचे पैसे गेले, पण सासरे आरतीला उभे होते. माझ्या जावेने याहून सोपं केलं, ती कोकण रेल्वेने जाते.

इथे थांबा, डॉक्टर गाठा

साध्या उलटी-जुलाबात घरी करण्यासारखं एकच: ओआरएस, म्हणजे जलसंजीवनीची पुडी. पुडीवर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात कालवा, मोठी पुडी एक लिटरची असते. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. अंदाजाने घालू नका, मीठ जास्त झालं तर लहान मुलाला अपाय होतो. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने. टेट्रापॅकमधली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. एफएसएसएआयने ऑक्टोबर २०२५ मध्ये असल्या पेयांच्या नावात हा शब्द वापरायला मनाई केली, ती उगाच नाही. जुलाब थांबवायच्या गोळ्या मुलांना देऊ नका, आणि मोठ्यांनीही ताप किंवा रक्त असताना घेऊ नयेत.

पुढच्यापैकी काहीही दिसलं की वही मिटा आणि दवाखाना शोधा. गाव तासाभरावर असलं तरी 'घरी जाऊन बघू' नको.

पाण्याचा घोटही टिकत नाही. सहा-आठ तास लघवी नाही. शौचात रक्त. ताप १०२ फॅरनहाइटच्या वर. डोळे खोल गेलेले, मूल मलूल, रडताना अश्रू नाहीत. माणूस गुंगीत किंवा असंबद्ध बोलतोय. एक वर्षाखालचं बाळ, गरोदर बाई, म्हातारं माणूस किंवा साखरेचा रुग्ण असेल तर यांपैकी काही नसतानाही लवकर दाखवा.

मासे किंवा शेंगदाणे खाल्ल्यावर ओठ-जीभ सुजणं, अंगावर गांधी, श्वास लागणं: हे पोटाचं नाही, अॅलर्जीचं आहे आणि मिनिटांचा खेळ आहे.

आणि छातीतली जळजळ दाबल्यासारखी असेल, घाम फुटत असेल, कळ हातात, जबड्यात किंवा पाठीत जात असेल, तर पित्ताची गोळी देऊन वाट बघत बसू नका, आणि रुग्णाला स्वतः गाडी चालवू देऊ नका.

रुग्णवाहिकेसाठी १०८, राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३. आमच्या रस्त्यावर माणगाव, चिपळूणजवळ कामथे आणि कणकवली इथे उपजिल्हा रुग्णालयं आहेत, रत्नागिरीत जिल्हा रुग्णालय. तुमच्या रस्त्यावरची अशी तीन-चार नावं निघण्याआधी त्याच वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा, घाटात मोबाइलला रेंज नसते.

महाडच्या त्या संध्याकाळी डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "काय खाल्लं आणि किती वाजता?" तेव्हा वही नव्हती. चौघांनी चार वेळा सांगितल्या, सासूबाई म्हणाल्या बाहेरचा चहा. चटणीचं नाव निघालं ते सलाईन लावून झाल्यावर, थोरलीच्या तोंडून.